आप्पांचा सालदार

कुठल्याही पडद्यावर 'ओके' असं बटण दिसलं की माझं डोकं आजही तडकतं. बँकेत, रेल्वे आरक्षणाच्या खिडकीपाशी, मुलाच्या कॉलेजचा फॉर्म भरताना. समोरचा माणूस एक अक्षर न वाचता ते दाबून मोकळा होतो आणि मी मनातल्या मनात त्याच्या बोटावर पट्टी मारते. हा राग मूळचा माझा नाही, आप्पा देवऱ्यांचा आहे. सात वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसले, त्यात तो मला लागला. माझा स्वतःचा राग निराळा आहे, त्याची पाळी पुढं येईल.

नाशिकजवळ सातपूरला आमची कंपनी होती. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांना जोडणारी जी वीतभर पोलादी पीन असते, ती आम्ही बनवायचो. पीन दिसायला क्षुल्लक, पण भरलेली ट्रॉली चढावर असते तेव्हा सगळा भार तिच्यावर असतो. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक लॉटमधल्या तीन पिना उचलायच्या, हार्डनेसच्या मशीनवर ठेवायच्या, काटा कुठं थांबतो ते बघायचं आणि सर्टिफिकेटवर 'तपासले' असं लिहून खाली नाव घालायचं, हे आप्पांचं काम. मी त्याच क्वालिटी विभागात कॉम्प्युटर ऑपरेटर होते.

आप्पा सटाण्याकडचे. आयटीआय करून भट्टीवर लागले, वीस वर्षं भट्टीपुढं उभे राहिले आणि मग इन्स्पेक्टर झाले. त्या आचेनं त्यांच्या भुवया कायमच्या विरळ झाल्या होत्या, त्यामुळं ते चिडलेले नसतानाही चिडल्यासारखे दिसत. चिडलेले नसत अशी वेळही फार नसे. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी एक छोटी तीनधारी कानस असायची. पीन मशीनवर ठेवण्याआधी ते तिच्यावर एकदा कानस ओढत आणि कान देऊन आवाज ऐकत. मग मान हलवत आणि मशीनकडं वळत. "मशीन खोटं बोलंल, कानस नाय बोलत," असं म्हणायचे. पिनेबद्दल विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "पीन भाकरीसारखी पायजे. लय कडक झाली की मोडती, मऊ राहिली की फाटती. पस्तीस ते चाळीस. त्याच्या खाली नाय, त्याच्या वर नाय."

त्यांच्या रागाला पायऱ्या होत्या. आधी नाकपुड्या फुलायच्या, मग डबा आपटला जायचा, आणि तिसऱ्या पायरीला अहिराणी सुरू व्हायची. मराठीत ओरडत होते तोवर काळजी नसे. "काय शे हाई?" असा आवाज आला की अर्धा विभाग चहाला निघून जायचा. काम उशिरा झालं, चुकलं, बिघडलं, यावर ते चिडत नसत. न बघता 'बघितलं' म्हणणाऱ्यावर चिडायचे. एकदा एका शिकलेल्या ट्रेनी इंजिनिअरनं पिना न उचलताच वहीत आकडे लिहिले. आप्पांनी त्याला दिवसभर भट्टीच्या दाराशी उभं केलं आणि प्रत्येक पीन बाहेर आली की विचारलं, "ही बघितली का? आता ही बघितली का?" संध्याकाळी तो रडवेला झाला होता. कंपनीत त्यावरून बराच गहजब झाला, पण त्या पोरानं पुढं कधी खोटा आकडा लिहिला नाही.

नवं शतक लागल्यावर एक-दोन वर्षांत सर्टिफिकेटं कॉम्प्युटरवर आली. ज्यानं तो प्रोग्राम बनवला त्यानं स्वतः एकदाही चाळीस सर्टिफिकेटं सलग केली नसावीत. एका सर्टिफिकेटला पाच खिडक्या. लॉट नंबरची वेगळी, मालाची वेगळी, मापांची वेगळी, हार्डनेसची वेगळी, छपाईची वेगळी. प्रत्येक खिडकी बंद होताना विचारणार, नक्की का? ओके. जतन करू का? ओके. झालं. ओके. आप्पांनी कागदावर रेघोट्या मारून मोजलं, एका सर्टिफिकेटला सतरा वेळा टकटक. दोन महिने त्यांनी ती केली. नंतर एका दुपारी माउस माझ्या टेबलावर आणून ठेवला.

"ताई, हे काम मानसाचं नाय. आनि हा कोन ओके ओके करून राहिला? मी बघायच्या आधी हा कोन ओके म्हननारा?"

"आप्पा, ते फक्त बटण आहे."

"बटन असू दे. ओके आपन म्हनायचं. खिडकीनं नाय म्हनायचं."

मेळा स्टँडपाशी जुनी मासिकं विकणाऱ्याकडं त्यांना कॉम्प्युटरचं एक मासिक मिळालं, सोबत सीडी. त्या सीडीत एक लहानसा प्रोग्राम होता. साध्या फाइलमध्ये एकाखाली एक ओळी लिहायच्या, अमुक खिडकी उघड, अमुक अक्षरं टाइप कर, टॅब दाब, एंटर दाब. मग तो आपला आपण सगळं करणार. माहिती सगळी इंग्रजीत. आप्पांचं वय तेव्हा बावन्न, इंग्रजी आयटीआयपुरतं. एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात डिक्शनरी, असं त्यांनी जेवणाच्या सुट्टीत ते वाचून काढलं. अडलं की मला विचारत. मला आलं नाही की माझ्यावर चिडत. मग आम्ही दोघं मिळून डोकं लावायचो. मी त्यांची शिष्य कधी झाले ते मलाही कळलं नाही.

पहिली फाइल चार ओळींची होती. कोरी खिडकी उघडायची आणि तिच्यात आप्पांचं नाव लिहायचं. कीबोर्डला कुणाचा हात नाही आणि पडद्यावर एकेक अक्षर उमटतंय. मला गंमत वाटली, मी टाळ्या वाजवल्या. आप्पा हसलेसुद्धा नाहीत. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्याला सालदार म्हनू."

त्यांच्या गावाकडं वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याला सालदार म्हणतात. फाइलचं नावही त्यांनी तेच ठेवलं. "सालदाराला बैल सोड म्हनलं तर सोडंल," ते मला समजावत, "पर बैल गोठ्यात हाय का नाय, ते तू सांगितल्याबिगर नाय बघनार. सगळं सांगावं लागतं. आनि एक ध्यानात ठेव. सालदाराला काम सांगायचं. खातरी नाय सांगायची. खातरी धन्यानं करायची."

सालदारानं पहिल्या महिन्यात आम्हाला रडवलं. खिडकी उघडायला वेळ लागायचा आणि हा भसाभसा टाइप करून मोकळा, निम्मे आकडे हवेत. मग 'खिडकी येईपर्यंत थांब' ही ओळ शिकलो. मोठा घोटाळा पुढं झाला. आप्पा सालदाराला कामाला लावून भट्टीवर गेले होते. आमचे मॅनेजर आले. त्यांचं नाव मी लिहिणार नाही, तेवढा मान त्यांना द्यायची माझी इच्छा नाही. त्यांचा कॉम्प्युटर बिघडला होता, म्हणून ते आप्पांच्या खुर्चीत बसले आणि मुख्य कार्यालयाला पत्र लिहू लागले. समोर त्यांच्या पत्राची खिडकी आली. सालदाराला काय त्याचं? तो समोर दिसेल तिथं टाइप करणारा. 'महोदय, आपल्या कृपेने' याच्या पुढं लॉट नंबर, पीन, पंचवीस मिलिमीटर, लॉट नंबर, पीन, पंचवीस मिलिमीटर, असं दीड पान भरलं आणि शेवटी ते छापूनही आलं. मॅनेजरांना वाटलं कॉम्प्युटरला भूत लागलं. ते खुर्ची ढकलून उठले आणि मी फाइलमागं तोंड लपवलं.

आप्पांना मी ते हसत हसत सांगितलं, पण ते हसले नाहीत. "म्हंजी समोर कोन हाय ते हा बघतच नाय?" म्हणाले आणि त्याच दिवशी फाइलच्या डोक्यावर एक ओळ घातली, समोरची खिडकी आपली नसेल तर जागच्या जागी थांब. त्या ओळीशेजारी इंग्रजी अक्षरांत मराठी शेरा लिहिला, 'दुसऱ्याच्या घरात घुसू नको.'

आणि मग त्यांनी ती ओळ घातली, जिच्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. हार्डनेसची खिडकी आली की सालदार थांबायचा. घंटा वाजायची आणि एक चौकट यायची, 'बघितलं का?' खाली हो आणि नाही. घंटा वाजली की आप्पा उठत, मशीनपाशी जात, पीन ठेवत, काटा बघत, परत येऊन हो दाबत. मग सालदार पुढं चालू. बाकी सतरा टकटकींचा कंटाळा त्यांनी त्याच्या गळ्यात टाकला, बघणं मात्र स्वतःकडं ठेवलं.

त्या वर्षीची खंडेनवमी मला लख्ख आठवते. दुपारी मशीनं बंद करून पूजा असायची. आमची मखमलाबादला फुलशेती, त्यामुळं झेंडू आणायचं काम दरवर्षी माझं. पूजेआधी एक ट्रक जायचा होता म्हणून आप्पांनी सकाळपासून सालदार चालू ठेवला होता. चौकट आली होती, 'बघितलं का?' तेवढ्यात भट्टीपाशी आरतीला बोलावणं आलं आणि सगळे उठले. मी घाईघाईनं कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, आणि नारळ ठेवायला सपाट जागा कुठली, तर कीबोर्ड. ठेवला.

परत आलो तर प्रिंटर धापा टाकत होता. नारळ एंटरवर टेकला होता. चौकट येत होती, नारळ हो म्हणत होता, सालदार पुढं जात होता. यादीतल्या सगळ्या लॉटची सर्टिफिकेटं तयार. त्यात एक लॉट असा होता की तो अजून भट्टीतून बाहेरही यायचा होता. त्याच्याही खाली लिहिलेलं, तपासले, द. देवरे.

सगळे हसत सुटले. मीही हसले, कारण नारळ मी ठेवला होता आणि हसण्यावारी जावं अशी माझी इच्छा होती. आप्पांनी एकेक कागद उचलला, फाडला. माझ्यावर एक शब्द चिडले नाहीत. त्यांचा सगळा राग स्वतःवर होता. "नारळानं सही केली माझी," म्हणाले, "म्हंजी माझी सही नारळाला जमन्यासारखी हाय." त्या दिवशी त्यांनी प्रसाद घेतला नाही. दसऱ्याची सुट्टी संपल्यावर पहिल्याच सकाळी चौकट बदलली. आता हो-नाही गेलं. काट्यावरचा आकडा स्वतःच्या हातानं टाइप करायचा, त्याशिवाय सालदार पाऊल उचलणार नाही.

"आता ठेव नारळ," ते मला म्हणाले. "नारळाला आकडा नाय टाइप करता येत."

सालदाराची बातमी वर गेली ती आप्पांच्या नावानं गेलीच नाही. मुख्य कार्यालयातली माणसं बघायला आली तेव्हा मॅनेजर खुर्चीमागं उभे राहून 'आम्ही विकसित केलं' असं सांगत होते. आप्पांना त्याचं काही नव्हतं. पण पाहुण्यांपैकी एकानं विचारलं, हे मध्येच थांबतं का? मॅनेजर म्हणाले, ते काढून टाकू. आप्पा पाहुण्यांच्या देखत म्हणाले, "ते नाय काढायचं. त्याच्यासाठी बाकीचं केलंय."

त्यानंतर आठवड्याला एकदा तरी तो विषय निघे. उन्हाळ कांद्याचा हंगाम आला, पिनांची मागणी वाढली, फाटकाशी ट्रक उभे राहू लागले. "देवरे, चाळीस सर्टिफिकेटांना तुम्ही चाळीस वेळा उठता. कॉम्प्युटर घेतला कशाला?" आणि आप्पा प्रत्येक वेळी तेच सांगत, "साहेब, त्या पिनेच्या मागं ट्रॉली असती आनि ट्रॉलीच्या मागं मानूस असतो. तो आमच्याकडचाच असतो बहुतेक." मॅनेजर हसून निघून जात. मला त्या हसण्याची अजून चीड येते.

मग आप्पांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. आठ दिवस रजा. जाताना मला म्हणाले, "ताई, मशीनपाशी तू जा. काटा तुला वाचता येतो."

पहिल्या दिवशी मी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. "मॅडम, किती वेळ चाललाय हा. तुम्हाला हे येतं ना? ते थांबणं बंद करा आणि तिथं अडतीस टाका. रेंजच्या मधला आकडा आहे. देवरे आले की परत चालू करा."

मी नाही म्हटलं असं मला लिहायला आवडलं असतं. मी म्हटलं, "सर, आप्पांना विचारून..." ते म्हणाले, "विभाग कोणाचा आहे?" आणि तिथंच उभे राहिले. माझ्या नवऱ्याची अंबडची कंपनी तेव्हा टाळेबंदीत होती, चार महिने घर माझ्या पगारावर चाललं होतं, आणि हे मॅनेजरांना माहीत होतं. आप्पांनी मला शिकवलं होतं की ओळीच्या आधी अर्धविराम टाकला की ती ओळ सालदाराला दिसत नाही. मी अर्धविराम टाकला. खाली नवी ओळ लिहिली, अडतीस. एक मिनिटही लागलं नाही. त्यानंतर आप्पांची रजा संपेपर्यंत आमच्या कंपनीतून बाहेर पडलेली एकूण एक पीन अडतीस होती, आणि प्रत्येक कागदाखाली डोळ्याला पट्टी बांधून घरी बसलेल्या माणसाचं नाव होतं. लाज वाटत होती का? हो. तरी मी रोज डबा खात होते.

आप्पा काळा चष्मा लावून परत आले. सालदार चालू केला. तो थांबला नाही. "थांबला का नाय हा?" ते ओरडले आणि फाइल उघडली. मी खाली मान घालून बसले होते. त्यांनी अर्धविराम पाहिला, माझ्याकडं पाहिलं आणि तो काढून टाकला. मग भट्टीवर जाऊन पाळीवाल्यांची वही आणली. भट्टीवरची माणसं एखादी पीन मशीनवर ठेवून आपल्यापुरता आकडा लिहून ठेवत. आठ दिवसांतल्या एका लॉटपुढं बावन्न लिहिलेलं होतं. बावन्न म्हणजे मोडणारी पीन. वही कुणी उघडलीच नव्हती.

त्या दिवशी अहिराणी मॅनेजरांच्या केबिनमधून ऐकू आली. "तो लॉट परत बोलवा, साहेब." मॅनेजर म्हणाले, परत बोलावला तर कंपनीचं नाव जाईल, आणि एवढं काही होत नसतं. आप्पांनी तिथंच लिहून दिलं की माझ्या नावानं गेलेली आठ दिवसांची सर्टिफिकेटं मी बघितलेली नाहीत. तो कागद मॅनेजरांच्या ड्रॉवरमध्ये जाताना मी दारातून पाहिला. मग दोन रविवार आप्पा एसटीनं ओझर, पिंपळगाव, मालेगाव असे ट्रॉली बनवणाऱ्यांच्या दारोदार फिरले. खिशात कानस. त्या लॉटच्या बऱ्याच पिना त्यांनी काढून आणल्या, पिशवीतून माझ्या टेबलाखाली ठेवल्या. सगळ्या सापडल्या नाहीत.

महिन्याभरानं सटाण्याच्या अलीकडं चढावर कांद्यानं भरलेल्या एका ट्रॉलीची पीन मोडली, त्याच लॉटमधली. ट्रॉली मागं आली. मागून चालणाऱ्या माणसाचा पाय चाकाखाली गेला आणि गुडघ्याखाली काढावा लागला.

चौकशी लागली. टेबलापलीकडं तिघं, त्यात आमचे मॅनेजरही! अलीकडं आप्पा. आणि कोपऱ्यात, सगळं टाइप करून घ्यायला, मी.

हा प्रोग्राम कोणी केला? मी. परवानगी घेतली होती? नाय. यात तपासणीसाठी थांबायची पायरी आहे? हाय. मग त्या आठ दिवसांत का नव्हती? कोणीतरी काढली हुती. देवरे, तुम्ही पत्र दिलं होतं म्हणता, पण असं कुठलं पत्र फायलीत नाही. बरं, पायरी कोणी काढली?

आप्पा गप्प बसले. इतका वेळ गप्प बसले की एकानं घड्याळ पाहिलं. त्यांनी टेबलापलीकडच्या कुणाकडं पाहिलं नाही, माझ्या दिशेला पाहिलं. मी लुकलुकणाऱ्या कर्सरकडं बघत होते. मला तोंड होतं, मॅनेजर समोर होते, ड्रॉवर कुठला तेही मला माहीत होतं. मी वाट बघत होते की ते काय म्हणतात आणि मी काय टाइप करते.

"सालदार माझा हाय," आप्पा शेवटी म्हणाले. "त्यानं जे केलं ते माझं."

मी ते टाइप केलं. खाली विचारलं गेलं, जतन करू का? मी ओके दाबलं.

विनापरवाना प्रोग्राम आणि कमजोर दृष्टी, अशी कारणं लिहून आप्पांकडून राजीनामा घेतला. जाताना त्यांनी टेबलावरचं काही नेलं नाही, फक्त कानस. मॅनेजर पुढं बढती घेऊन पुण्याला गेले. मी ती नोकरी नंतर वर्षभरात सोडली, आणि सोडून मी फार मोठं काही केलं असं कृपा करून कुणी म्हणू नये.

आप्पांनी मला वाचवलं, असं मी स्वतःला सांगत आले. आणि खरं सांगते, मला त्याचाच राग यायचा. एवढा चिडका माणूस, ट्रेनीला दिवसभर भट्टीपुढं उभं करणारा, माझ्यावर एकदाही ओरडला नाही. न मागता डोक्यावर उपकार ठेवून गेला. तो राग घेऊन पाच वर्षांनी मी सटाण्याला गेले.

त्यांच्या घरी कळलं की ते बाजार समितीच्या फाटकावर असतात. गेले. कांद्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. आप्पा एकेका ट्रॅक्टरमागं वाकत होते, पिनेवर कानस ओढत होते, कान देत होते आणि खडूनं ट्रॉलीवर फुली किंवा बरोबरची खूण करत होते. त्यांना कुणी नेमलेलं नव्हतं. एक ट्रॅक्टरवाला "म्हातारबा, आटप ना" म्हणून करवादत होता आणि आप्पा त्याला अहिराणीत दुप्पट करवादत होते.

"आप्पा," मी हाक मारली.

"ताई? तू आठे कशी?"

मी एसटीत जुळवून ठेवलेलं सगळं विसरले. म्हटलं, "आप्पा, ती ओळ मी बंद केली होती."

"माले माहीत शे." ते पुढच्या ट्रॉलीकडं वळले. मग थांबले. नाकपुड्या फुललेल्या मला दिसल्या. "अर्धविराम टाकायला कोनाला शिकवला हुता मी? एकट्या तुला. हे मला कशाला सांगायला आली? मला काय नवं हाय त्यात? जिथं सांगायचं हुतं तिथं तू टाइप करत बसली."

"मग तुम्ही का नाही सांगितलं?" मीही ओरडले. पाच वर्षांचं ओरडले. "पायरी कोणी काढली, विचारलं होतं तुम्हाला! माझ्यावर उपकार करायला कुणी सांगितलं होतं?"

"उपकार?" आप्पांनी कानस ट्रॉलीच्या फळीवर आपटली. "कसला उपकार? मी थांबलो हुतो, ताई. किती येळ थांबलो. आकडा तू टाकायचा हुता."

मागचा ट्रॅक्टर गुरगुरत पुढं सरकला. आप्पांनी माझ्या दंडाला धरून मला बाजूला ओढलं. "चाकामागं उभी राहू नको, अक्कल नाय का?" असं खेकसले आणि परत कामाला लागले. मी एसटी स्टँडकडं वळले.

नाशिकची एसटी त्याच रस्त्यानं बाहेर पडली आणि फाटकाशी अडकली. मी खिडकीतून पाहिलं. आप्पांनी हात वर करून एक ट्रॉली अडवली होती. ट्रॅक्टरवाला खाली उतरून शिव्या देत होता, मागची सगळी रांग हॉर्न वाजवत होती, आमचा ड्रायव्हरही वाजवत होता. आप्पा वाकून बघत होते.